छतातला काळा थर

धाकटीने पिशवीतून दगड काढला आणि मॅडमच्या टेबलावर आपटला. टेबलावरची काच वाजली, कप हलला, चहा बशीत सांडला.

"फुटला असता," मॅडम म्हणाल्या.

"तुमचा कप?"

"तुझा दगड. शेल आहे तो. असा आपटलास तर पत्त्यांच्या कॅटसारखा सुटतो, हे मी तुला सांगायला नको."

धाकटी उभीच राहिली. नाकपुड्या फुललेल्या, खांद्यावरची पिशवी अजून अर्धी उघडी. मॅडमनी बशीतला चहा कपात परत ओतला, कप बाजूला सारला आणि दगड हातात घेतला. मनगटाएवढ्या जाडीचा, करड्या रंगाचा दंडगोल होता तो. बोगदा खणण्याआधी छत कसं आहे ते पाहण्यासाठी पोकळ ड्रिल घालून काढलेला. त्याच्या अंगावर पेन्सिलीने ओढल्यासारखे बारीक काळे थर होते, एकाला एक खेटून.

"कुठून आणलास?"

"साइटवरच्या इंजिनियरने दिला. त्याचं आणि दादाचं जेवण एका डब्यातलं होतं. मागितला, दिला."

"छत पडलं तिथलाच?"

"तिथलाच. मॅडम, मला सुई हवी आहे."

सुई म्हणजे या प्रयोगशाळेतलं सर्वांत लाडावलेलं यंत्र. त्याच्या टोकाला डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक हिरा होता. कुणी दार जोरात लावलं तरी त्याची मापं बिघडत. शेल म्हणजे मुळात जुना चिखल. त्या चिखलात त्या काळी जे जे मेलं, शेवाळ, पानं, किडे, ते सगळं दडपून, भाजून त्याचा काळा, ना धड दगड ना धड तेल असा पदार्थ झालेला असतो. बाकीचा खडक दाबून बघायला मोठी यंत्रं आहेत. पण हा काळा पदार्थ इतक्या बारीक कणांनी विखुरलेला असतो की त्याला एकट्याला गाठायचं तर सुईच हवी. सुई त्यावर टेकवायची, ठरलेल्या जोराने दाबायची, किती आत गेली ते बघायचं. मग जोर तसाच ठेवून थांबायचं. काही कण तिथल्या तिथे घट्ट राहतात, काही हळूहळू खचत जातात. कोण कसा वागतो हे शोधण्यात धाकटीचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"आमच्या धाकटीला दगडाला टोचण्याचा पगार मिळतो," दादा चारचौघांत सांगायचा. "घरात फुकट टोचते."

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. चाळिशी उलटली, केस पांढरे व्हायला लागले, तरी थोरल्याच्या मागे ती धाकटी ती धाकटीच. आता थोरला नव्हता. बोगद्यात सुपरवायझर होता तो. एका सकाळी छतातली खडकाची एक भली मोठी फळी निखळली आणि त्याच्यावर आली. त्याच्यामागे उभ्या असलेल्या ड्रिलरचा पाय गुडघ्याखाली गेला. दादा पूर्ण गेला.

आणि तो गेल्यावर चौकशी समितीने त्याच्याच डोक्यावर खापर फोडलं. बोगदा थोडा पुढे सरकला की छतात लांब लोखंडी बोल्ट ठोकतात. खालचा सैल दगड वरच्या पक्क्या दगडाला टाचला जातो, आणि मगच त्या छताखाली माणसं जातात. त्या दिवशी बोल्ट मारायचं यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्तीला माणूस यायचा होता. सुपरवायझरने वाट न पाहता काम पुढे न्यायला सांगितलं, असं समितीचं म्हणणं. साक्ष कुणाची, तर त्या ड्रिलरची. "मी म्हटलं, साहेब, बोल्ट राहिलेत. ते हसले. म्हणाले, मी आहे ना." समितीपुढे त्याने एवढंच सांगितलं आणि समितीला तेवढं पुरलं.

हे ऐकलं तेव्हा धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती अजून उतरली नव्हती.

"हे काळे थर मऊ आहेत," ती म्हणाली. "माझी खात्री आहे. छताचं वजन आलं की ते आतल्या आत खचत गेले असणार, दिवसेंदिवस. वरून काही दिसलं नसणार. असं छत बोल्टला बधत नाही. बोल्ट मारले असते तरी ते बोल्टांसकट खाली आलं असतं. दादाने काय केलं आणि काय केलं नाही याचा काही संबंधच उरत नाही."

मॅडमनी दगड टेबलावर ठेवला. या वेळी अगदी हलक्या हाताने.

"तू निकाल लिहूनच आणला आहेस. आता दगडाची सही तेवढी हवी आहे."

"तुम्हाला भाऊ नाही, म्हणून बोलता आहात."

हे बोलून गेल्यावर तिने ओठ चावला. मॅडमना भाऊ होता. त्यांच्याशी बोलत नव्हता एवढंच. पण मॅडमनी ते मनावर घेतल्याचं दाखवलं नाही.

"सुई देते. पण माझी अट आहे. तुकडे मी कापणार. तुझ्या दगडाबरोबर आपल्या कपाटातले आणखी दोन शेल टाकणार. तिन्हींवर नुसते आकडे. कुठला कुठला ते फक्त मला माहीत. सगळं मोजून होईपर्यंत तू विचारायचं नाहीस."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्या रागावर नाही. आणि उद्या कुणी विचारलं, बहिणीनेच भावाचा दगड तपासला का, तर मला उत्तर असावं."

धाकटीने रिकामी पिशवी उचलली आणि बाहेर पडताना दार आपटलं. पलीकडच्या खोलीत सुईवर काम करणाऱ्याने मोठ्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज तिला ऐकू आला.

सुट्टीच्या दिवशी ती आईकडे गेली. दादाच्या घरी आई आणि वहिनी दोघीच राहत. आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. वहिनी टेबलावर घडी घातलेली चादर पसरून इस्त्री करत होती. ज्या शर्टावर इस्त्री फिरत होती तो दादाचा होता. वहिनी अजून त्याचे कपडे धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवत असे. त्याला आई प्रेम म्हणायची.

"दगड मिळाला," धाकटी म्हणाली. "तपासणी सुरू झाली. आता बघ आई, एकेकाचं तोंड कसं काळं होतं ते."

"होऊ दे," आई म्हणाली. शेंग तिच्या बोटात कडकन फुटली. "माझ्या मुलाने कुणाचं वाईट केलं नाही. सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहायचा. लहानपणापासूनच. विहिरीत पहिली उडी याची."

"आणि तो ड्रिलर! दादाने हाताला धरून काम शिकवलं त्याला. दादाच्या डब्यातलं खाल्लं. आणि समितीपुढे बसून काय सांगतो, तर साहेब हसले म्हणे! मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं त्याने. कंपनीने त्याला काय कबूल केलं असेल ते आपल्याला कळत नाही होय?"

"त्याचं नाव काढू नकोस या घरात," आई म्हणाली.

"नाव काढतंय कोण? पण एकदा हे कागदावर येऊ दे, मग त्याच्या घरी जाऊन त्याच्या तोंडावर मारून येईन मी. पत्ता आहे माझ्याकडे."

कापड जळल्याचा वास आला. वहिनीने इस्त्री उचलली. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता. ती त्या डागाकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने प्लग काढला, शर्टाची घडी घातली, डाग आत जाईल अशी, आणि इतर कपड्यांवर ठेवून दिला.

"वहिनी, तू काहीच का बोलत नाहीस?"

"काय बोलू?"

"काहीही! नवरा तुझा गेला. बदनाम तुझा नवरा झाला. मी एकटीच बोंबलत असते. तुला राग येत नाही?"

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, जिभेपर्यंत आलं होतं. पण आई खिडकीशी बसली होती. वहिनीने खुंटीवरची पिशवी घेतली.

"मी शिवणाला निघते," ती म्हणाली.

ती गेल्यावर आईने सोललेले दाणे हाताने सारखे केले.

"एवढे महिने शिवणाला जाते. अजून साधा रुमाल शिवलेला पाहिला नाही मी," आई म्हणाली. "जाऊ दे. मन रमत असेल."

तुकडे घासून आरशासारखे झाले, आणि धाकटी सुईपुढे बसली. एक, दोन, तीन. आधी सूक्ष्मदर्शकाखाली काळे कण शोधायचे, मग एकेक कण सुईखाली आणायचा. यंत्राच्या खोलीत कुणी बोलायचं नाही असा नियम होता. धाकटी तिथे बसून मनातल्या मनात भांडत असे. समितीच्या अध्यक्षाशी, ज्याने चष्मा पुसत पुसत आईला विचारलं होतं की मुलाला पहिल्यापासून घाई करायची सवय होती का. कंपनीच्या माणसाशी, ज्याने फुलं पाठवली आणि स्वतः आला नाही. सगळ्यात जास्त त्या ड्रिलरशी. त्याला ती निरनिराळ्या शब्दांत जाब विचारी, आणि दर वेळी तो खाली मान घालून गप्प राहत असे.

पहिल्या तुकड्यात विशेष काही नव्हतं. दुसऱ्यात सुई टेकली आणि धाकटी यंत्राच्या पडद्याकडे वाकली. काळा कण मेणासारखा होता. जोर स्थिर ठेवला तरी सुई खाली जातच राहिली, हळू, पण न थांबता. तिने जागा बदलली. तसंच. आणखी बदलली. तसंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पडद्यावरची रेघ धूसर झाली. तिला ओरडावंसं वाटलं, पण खोलीचा नियम आठवून तिने फक्त मूठ तोंडावर दाबून धरली.

तिसरा तुकडा तिने कर्तव्य म्हणून मोजला. त्यातले काळे कण कडक होते. सुई थोडी आत गेली आणि थांबली. जोर ठेवला, वाट पाहिली. ती हलली नाही. असे शेल तिने पूर्वी पाहिले होते. कधीकाळी फार खोल गाडले गेलेले, पृथ्वीच्या पोटातली उष्णता फार सोसलेले. भाजून भाजून त्यांच्यातला काळा पदार्थ कडक होऊन जातो. असल्या दगडाशी तिला या वेळी काही कर्तव्य नव्हतं.

ती मॅडमच्या खोलीत गेली ती जवळजवळ धावतच.

"दोन नंबर," ती म्हणाली. "दोन नंबर आहे ना तो? मऊ आहे, मॅडम. लोण्यासारखा. मी म्हटलं नव्हतं? आता समितीला बोलवा. अध्यक्षांना बोलवा. त्या सगळ्यांना माझ्यापुढे बसवा."

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्यांनी तो काढला की काहीतरी वाईट असतं, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं.

"बस आधी."

"नाही बसत. सांगा."

"दोन नंबर आपल्या कपाटातला आहे. फारसा खोल न गाडला गेलेला शेल. एक नंबरही आपलाच."

धाकटीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्ही अदलाबदल केलीत."

"नाही."

"केलीत! किंवा चुकून झाली. कापताना झाली असेल. तुमचं वय झालं आहे, तुम्हाला आता..."

"ओरडायचं तर ओरड," मॅडम म्हणाल्या, आणि आता त्यांचाही आवाज चढला. "मला म्हातारी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण माझ्या कामाला खोटं म्हणू नकोस. तीन नंबर तुझा दगड आहे. मी स्वतः कापला, स्वतः आकडा घातला. उरलेला दंडगोल माझ्या कपाटात आहे, आत्ता काढ, तुझ्या हाताने काप आणि पुन्हा मोज."

तिने मोजला. मॅडमना त्याच क्षणी कपाट उघडायला लावून तिने दंडगोल घेतला, स्वतः कापला, स्वतः घासला. त्यात काही दिवस गेले. आणि पुन्हा सुई टेकवली तेव्हा काळ्या कणात ती थोडी आत गेली आणि थांबली. धाकटीने जागा बदलली. थांबली. तिने दगडाला शिव्या दिल्या, हळू आवाजात, खोलीचा नियम मोडून. दगडाने ऐकून घेतल्या. सुई हलली नाही.

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या.

"सुईने अख्खं छत कळत नाही," त्या म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "तिथे दुसरंही काही असू शकेल. पण तू जे म्हणत होतीस, ते हा दगड म्हणत नाही. काळा थर खचला नाही. खडकात आधीपासून असलेल्या भेगेवरून एक फळी सुटली. अशा फळ्या बोल्ट धरून ठेवतात. बोल्ट त्याचसाठी असतात."

"मला माहीत आहे बोल्ट कशासाठी असतात."

"घरी जा."

ती घरी गेली नाही. भर दुपारी ती रस्त्यावर आली आणि चालायला लागली. एका मोटारवाल्याने हॉर्न वाजवला. तिने वळून त्याला असं काही सुनावलं की त्याने काच वर केली. आता कुणाला धरायचं? समिती बरोबर निघाली. कंपनी या खेपेला तरी बरोबर निघाली. दगड चांगला निघाला. राग होता तेवढाच होता, तसूभर कमी झाला नव्हता, आणि त्याला बसायला जागा उरली नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. उरला होता एकच माणूस. त्याने तोंडावर सांगावं. साहेब कसे हसले ते करून दाखवावं. म्हणजे निदान त्याच्यावर ओरडता तरी येईल. एवढाच विचार तिच्या डोक्यात होता, आणि पायांना पत्ता पाठ होता.

गॅरेजांच्या गल्लीच्या टोकाला तो राहत होता, तळमजल्यावर. दार उघडंच होतं. उंबऱ्यापाशी त्याची म्हातारी आई बसली होती. तिला कमी ऐकू येत असावं. धाकटीने दोनदा विचारलं तेव्हा तिने मान वर केली.

"तुम्हीपण दवाखान्याच्याच का?" म्हातारी म्हणाली. "एक बाई आत आहेत. फार कडक आहेत हो. माझ्या लेकाला घामाघूम करतात. पण नेमाने येतात, देव त्यांचं भलं करो."

आतून आवाज आला.

"टाच आधी. टाच! चवडा नाही. पुन्हा."

धाकटीला तो आवाज ओळखू आला, पण असा चढलेला तिने तो कधी ऐकला नव्हता.

ती आत गेली. लांबट खोलीत नळाचे दोन पाइप कमरेच्या उंचीवर आडवे बसवून कठडे केले होते. त्यांच्यामध्ये ड्रिलर उभा होता, तिशीचा, हडकलेला, एका पायावर अर्धी पँट दुमडलेली आणि तिच्यातून नवा कृत्रिम पाय बाहेर आलेला. त्याच्या कमरेला जाड पट्टा होता. तो पट्टा दोन्ही हातांनी धरून त्याच्यामागे वहिनी उभी होती. ओढणी कमरेला गुंडाळलेली, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

ड्रिलरने धाकटीला पाहिलं. तो खुर्चीकडे वळायला गेला.

"बसू नकोस," वहिनी त्याला म्हणाली. "फेरी अर्धवट सोडायची नाही." मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "दार लोटून घे."

धाकटीने दार लोटलं.

"हे तुझं शिवण?"

"आईंना दुसरं काय सांगणार होते?"

"कधीपासून येतेस?"

"याला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हापासून."

"म्हणजे तुला..." धाकटीचा आवाज फाटला. "मी तुझ्यासमोर याला शिव्या घालत होते. महिनोन्‌महिने. तू इस्त्री करत होतीस! तुला माहीत होतं?"

"समितीपुढे हा बोलला तेव्हाच कळलं. 'मी आहे ना.' असलं वाक्य कुणाला रचून सांगता येत नाही, धाकटे. लग्न झाल्यापासून ऐकत होते मी ते. गच्चीवरच्या टाकीवर चढायचा तेव्हा ऐकलं. नदीला पूर आलेला असताना पुलावरून गाडी घातली तेव्हा ऐकलं. मी मागे बसले होते. डोळे मिटून बसले होते."

"पण कुणी घाई केली असेल त्याला. कंपनीने..."

"कुणी घाई केली नव्हती," वहिनी म्हणाली. "विचार याला. दुरुस्तीचा माणूस रस्त्यात होता. थांबायचं तेवढं होतं."

ड्रिलर खाली मान घालून आपल्या नव्या बुटाकडे बघत राहिला.

"तो गेला त्या दिवसापासून मी चिडलेय," वहिनी म्हणाली. पट्टा तिने सोडला नव्हता. त्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती. "त्याच्यावर. इतकी चिडलेय की त्याचे कपडे धोपटून धोपटून धुते. आई म्हणतात प्रेम आहे. तू आलीस की दगड वाईट, कंपनी वाईट, हा वाईट. आई म्हणतात माझा मुलगा सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा. हो, राहायचा! आणि मागे कोण उभं आहे ते कधी वळून बघायचा नाही. हे मी कुठे बोलू? त्या घरात माझ्या नवऱ्यावर चिडायला तुम्ही मला एक कोपरा ठेवला नाहीत. आणि तू मलाच विचारतेस, राग येत नाही का!"

दाराबाहेर म्हातारीने काहीतरी विचारलं.

"मी इथे पुण्य करायला येत नाही," वहिनी म्हणाली. "हा पाय बघते. मग मला वाटतं, मी वेडी नाही. चिडण्यासारखं खरंच काहीतरी घडलेलं आहे."

इतक्या दिवसांत या खोलीत येऊन काय काय बोलायचं याची धाकटीने किती तयारी केली होती.

ड्रिलरनेच तोंड उघडलं.

"ताई, तुम्ही दगड तपासायला घेतला होता ना? वहिनी म्हणाल्या. काय निघालं?"

वहिनीही आता तिच्याकडे बघत होती. धाकटीच्या मनात आलं, इथे कुणाला सुई माहीत नाही, मॅडम इथे नाहीत. मऊ होता म्हटलं तर मऊ होता.

"घट्ट होता," ती म्हणाली. "चांगला दगड होता. बोल्ट मारले असते तर छत राहिलं असतं."

तिला वाटलं होतं, तो सुटकेचा श्वास सोडेल. त्याचंच म्हणणं खरं ठरलं होतं. पण ड्रिलरचा चेहरा एकदम उतरला. त्याने डोळे मिटले. कठड्यावर त्याचा सगळा भार आला आणि पाइप करकरला.

"मला वाटत होतं, खराब निघेल," तो म्हणाला.

"तुला? तुला का?"

"मी जे बोललो ते मला मागे घेता आलं असतं, ताई. निदान म्हणता आलं असतं, त्यांचं चुकलं तरी काही बिघडलं नव्हतं, छत येणारच होतं. मला ड्रिल धरायला त्यांनी शिकवलं. समितीपुढे खोटं बोलता आलं नाही मला. पण तुम्ही दगड आणलात ऐकल्यापासून मी रोज वाट बघत होतो."

वहिनीने मान फिरवली. हे तिलाही त्याने सांगितलेलं नसावं.

बाहेर गॅरेजमध्ये कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं आणि खोलीतल्या भांड्यांना त्याची बारीक थरथर लागत होती. मग वहिनीने कोपराने कपाळावरचा घाम पुसला आणि पट्टा नीट धरला.

"चल," ती ड्रिलरला म्हणाली. "खिडकीपर्यंत. आज कठडा सोडून जायचं ठरलं होतं."

"उद्या जाऊ, वहिनी."

"आज."

कठडा संपत होता तिथून खिडकीपर्यंत मोकळी फरशी होती. मध्ये एक स्टूल होतं. धाकटीने ते पायाने बाजूला लोटलं. जोर जास्त झाला आणि ते भिंतीवर आदळून आडवं झालं. तिने ते तसंच राहू दिलं. खांद्यावरची पिशवी तिने जमिनीवर टाकली आणि ती खिडकीपाशी, ड्रिलरच्या समोर, जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले.

"ये," ती म्हणाली. आवाज निघायला हवा होता त्यापेक्षा पुष्कळ कठोर निघाला.

ड्रिलरने तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. त्याने कठड्यावरचा एक हात सोडला. मग दुसरा.

"टाच आधी," वहिनी त्याच्यामागून म्हणाली.